पाळकाचा आत्मिक अधिकार : मान, मर्यादा आणि उत्तरदायित्व

चिकोडी आणि निपाणी हा बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडचा मुलूख. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या काठचा, उसाचा आणि तंबाखूचा. पलीकडे लगेच कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरातली भाषा एक आणि कचेरीतली दुसरी, अशी स्थिती येथील अनेक कुटुंबांच्या वाट्याला आली आहे. सीमाप्रश्नामुळे या भागाचे नाव गोव्यातील वाचकांना परिचित आहे. मात्र येथे आणखी एक सीमारेषा आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. ती आहे ख्रिस्ती मंडळ्यांच्या अधिकारक्षेत्रांची.

या परिसरात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा आहे. तरीही त्याच्या परंपरा येथे तीन दिशांनी आल्या. उत्तरेकडून, म्हणजे कोल्हापूरकडून, अमेरिकन प्रेस्बिटेरियन परंपरा आली. रॉयल गोल्ड वाइल्डर हे मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या कामातून वाढलेल्या मिशनचे एक ठाणे पुढे निपाणीत होते. दक्षिणेकडून, बेळगावहून, लंडन मिशनरी सोसायटीची परंपरा आली. तिचे बेळगावातील काम 1820 मध्ये सुरू झाले आणि 1904 मध्ये ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या स्वाधीन करण्यात आले. तिसरी परंपरा कॅथलिक. तिचे धागे थेट गोव्याला जुळतात, कारण 1953 मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला तेव्हा त्याचा मोठा मुलूख गोव्याच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला होता. विसाव्या शतकात या तिन्हींच्या जोडीला पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आल्या.

एकाच परिसरात ‘पाळक’, ‘फादर’ आणि ‘पास्टर’ हे तिन्ही शब्द ऐकू येतात. तिघेही मेंढपाळाच्याच नात्याने ओळखले जातात, पण त्यांचा अधिकार एका जातीचा नाही. कोणाला नेमणारा बिशप असतो, कोणाला बोलावणारी मंडळी असते आणि कोणी स्वतःच्या पाचारणाचा दाखला देतो. अशा वेळी श्रद्धावंताने आपल्या पाळकाचा मान कसा राखावा, किती राखावा आणि तो चुकला तर काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. वाद चव्हाट्यावर आला की अनेकांना तो सुचतो. शांततेच्या काळात समजून घ्यावा, असाच तो आहे.

शब्दाचा अर्थ

‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने त्यासाठी ‘पाळक’ हा शब्द रूढ केला. त्यात पाळणे आणि सांभाळणे हे दोन्ही भाव आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळकसाहेब’ असे आदराने म्हणतात. दीक्षित पाळकाच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ किंवा ‘आचार्य’ लावण्याचीही रीत आहे. कॅथलिकांत ‘धर्मगुरू’, ‘फादर’ आणि बिशपांसाठी ‘महागुरुस्वामी’ हे शब्द चालतात. गोव्यात ‘पाद्री’ आणि ‘विगार’ हे शब्द पोर्तुगीजांच्या काळापासून रुळले आहेत.

मेंढपाळाची प्रतिमा चिकोडी परिसरातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पीक निघाले की धनगरांचे कळप या भागात उतरतात आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या जातात. पाऊस कोठे पडला, पाणी कोठे आहे, लांडग्याचे भय कोठे आहे, हे धनगराला ठाऊक असावे लागते. तो कळपाबरोबर चालतो आणि कळपाबरोबरच उघड्यावर झोपतो. काही वेळा कळपात दुसऱ्यांच्या मेंढ्याही असतात. त्यांची राखण त्याच्याकडे असली, तरी मालकी मात्र दुसऱ्याची असते.

बायबलने पाळकाच्या अधिकाराचे मर्म नेमके येथेच ठेवले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय मंडळीला देवाचा कळप म्हणतो आणि ख्रिस्ताला मुख्य मेंढपाळ म्हणतो. पाळक हा त्याच्या हाताखालचा राखणदार. त्याला अधिकार आहे, पण तो ठेवीवरचा अधिकार आहे. ठेव सांभाळणाऱ्याला मान मिळतो आणि त्याला हिशेबही द्यावा लागतो.

शास्त्रातील आधार

पाळकाचा मान राखावा हे सांगणारी वचने स्पष्ट आहेत. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांचे ऐकावे असे सांगितले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे : ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यावयाचा आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, श्रम करणाऱ्या आणि बोध करणाऱ्या सेवकांना त्यांच्या कामामुळे प्रेमाने मान द्यावा, असे पौल लिहितो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चांगला कारभार करणारे वडील दुप्पट सन्मानाला पात्र ठरवले आहेत. विशेषतः वचन आणि शिक्षण यांत श्रम करणारे. तेथे सन्मानात उदरनिर्वाहाचाही अंतर्भाव आहे, कारण लगेच पुढे मळणी करणाऱ्या बैलाचा आणि मजुरीचा दाखला येतो.

या वचनांच्या शेजारीच दुसरी बाजू लिहिलेली आहे, आणि ती सोडून पहिली वाचणे हा अनेक वादांचा उगम आहे. पेत्राच्या त्याच अध्यायात वडिलांना बजावले आहे की, कळपावर धनीपण गाजवू नये, पैशाच्या लोभाने सेवा करू नये, कळपाला कित्ता व्हावे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की, राष्ट्रांचे अधिपती सत्ता गाजवतात, पण तुमच्यात ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे. योहानाच्या शुभवर्तमानात तो स्वतः शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारच्या विधीत धर्मगुरू वेदीवरून उतरून लोकांचे पाय धुतात, हे दृश्य गोव्यातील वाचकांच्या परिचयाचे आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात तर कळपाऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर कठोर प्रहार आहे.

परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नये, हे वचन पाळकावरील टीका थांबवण्यासाठी वारंवार पुढे केले जाते. स्तोत्रसंहितेतील 105 व्या स्तोत्रात त्याचा संदर्भ परदेशात भटकणाऱ्या पूर्वजांच्या रक्षणाचा आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद शौल राजाला मारण्याची संधी सोडतो आणि फक्त त्याच्या झग्याचे टोक कापतो. पण तो गप्प बसत नाही. गुहेबाहेर येऊन तो सर्वांसमक्ष राजाला अन्यायाचा जाब विचारतो. पुढे दावीद स्वतः राजा होतो आणि चुकतो, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला तोंडावर दोषी ठरवतो. नव्या करारातही अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला समोरासमोर विरोध केला, ही हकीकत गलतीकरांस पत्रात नोंदली आहे. हिंसा करू नये आणि पदाची विटंबना करू नये, एवढाच या प्रसंगांचा बोध आहे. सत्य बोलू नये, असा तो नाही.

अधिकार येतो कोठून

ख्रिस्ती परंपरेत पाळकाच्या अधिकाराच्या मुख्यतः तीन व्यवस्था घडल्या.

पहिली बिशपप्रधान. हिच्यात अधिकार प्रेषितांपासून बिशपांच्या परंपरेने उतरतो, अशी श्रद्धा आहे. कॅथलिक धर्मगुरूला बिशप हस्तस्पर्शाने दीक्षा देतात आणि धर्मग्रामात नेमतात. त्याची बदली बिशपच करतात. श्रद्धावंतांना मत मांडता येते, पण नेमणूक त्यांच्या मतावर ठरत नाही. मेथडिस्ट मंडळीतही बिशप असतात. पाळकांच्या नेमणुका वार्षिक परिषदेत जाहीर होतात आणि पाळकाने ठरावीक काळाने गाव बदलावे ही तेथील जुनी रीत आहे.

दुसरी वडीलप्रधान, म्हणजेच प्रेस्बिटेरियन. हिच्यात मंडळी आपला पाळक निवडते किंवा त्याला पाचारण करते. निवडलेले वडील त्याच्यासह कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांची मिळून प्रेसबितरी असते. पाळकाला दीक्षा तीच देते आणि तक्रारही तीच ऐकते. कोल्हापूरकडची जुनी परंपरा या घडणीची.

तिसरी मंडळीप्रधान. हिच्यात प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्यापुरती स्वायत्त असते. लंडन मिशनरी सोसायटीवर आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनवर या विचाराचा प्रभाव होता.

पुढे एकत्रीकरण झाले. 27 सप्टेंबर 1947 रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. दोन्ही ठिकाणी बिशपपद, वडिलांची समिती आणि मंडळीची सभा या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफण्याचा प्रयत्न आहे.

स्वतंत्र मंडळ्यांचे स्वरूप वेगळे. तेथे पाळकाचा अधिकार बहुधा त्याच्या वैयक्तिक पाचारणावर, उपदेशाच्या सामर्थ्यावर आणि लोकांच्या विश्वासावर उभा असतो. त्यात उत्साह असतो, जवळीक असते आणि भाषेचे अंतर कमी असते. धोका एवढाच की, पाळकाच्या वर कोणी नसेल, तर तो चुकल्यास जावे कोठे हे श्रद्धावंताला कळत नाही. म्हणून मंडळी कोणत्याही परंपरेची असो, आपला पाळक कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न प्रत्येक सदस्याला ठाऊक असलेला बरा.

बेळगावचे बाबा पदमनजी

देशी पाळकांचा इतिहास समजून घ्यायचा, तर या परिसराला दूर जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक आद्य लेखक बाबा पदमनजी 1831 मध्ये बेळगावात जन्मले आणि तेथील मिशन शाळेत शिकले. पुढील शिक्षण मुंबईत झाले, पण 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा बेळगावातच झाला. 1857 मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःखावरील या पुस्तकाला मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान अनेक अभ्यासक देतात. 1867 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुण्यातील फ्री चर्चच्या मंडळीची सेवा त्यांनी काही वर्षे केली. पुढे ते पद सोडून त्यांनी लेखन आणि ग्रंथसंपादन यांना वाहून घेतले. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र आजही वाचले जाते.

त्यांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, 1854 मध्ये, अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. तोपर्यंत मराठी मंडळ्यांचे पालन परदेशी मिशनरीच करीत होते. देशी माणूस पाळक झाला तेव्हा एक अवघड प्रश्न पुढे आला. पाळकाला वेतन मिशन देणार असेल, तर त्याचा धनी कोण, मंडळी की मिशन? अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले होते. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हा त्यांचा आग्रह होता. पाळकाचा खरा मान मंडळीच्या पदरच्या पैशातून सुरू होतो, ही जाण त्यामागे होती. दुसऱ्याच्या वेतनावरचा पाळक मंडळीला आपला वाटत नाही आणि त्यालाही मंडळीपुढे हिशेब मांडण्याची गरज वाटत नाही.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातही हा ताण दिसतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनमध्ये दीर्घ काळ काम केले आणि 1917 मध्ये ते बंधन सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मंडळीच्या नोंदवहीपेक्षा ख्रिस्तभक्तांचा मेळा महत्त्वाचा, अशी त्यांची ओढ होती. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मार्गाने सगळे गेले नाहीत. पण पदाचा अधिकार आणि भक्तीचा अधिकार या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मराठी ख्रिस्ती मनाला त्यांच्यामुळे ठळकपणे जाणवले.

पंडिता रमाबाईंचा प्रश्न

धर्माधिकाऱ्यांचा मान आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांतील संघर्षाचे सर्वांत स्पष्ट मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादे मत स्वीकारावे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. देवाच्या वचनापुढे झुकण्यास त्यांची तयारी होती. माणसाच्या शब्दाला मात्र त्या वचनाची कसोटी लावत.

पण पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतः शेकडो स्त्रियांचा सांभाळ केला, त्यांना शिकवले आणि बायबलचे मराठी भाषांतर केले. म्हणजे अधिकार कोणाचाच नसावा, असा त्यांचा आग्रह नव्हता. अधिकार विवेकाला पटणारा असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. स्त्रियांना पाळकपद देण्याच्या प्रश्नावरही मंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिक चर्च स्त्रियांना दीक्षा देत नाही. चर्च ऑफ साउथ इंडियाने मात्र 1976 पासून दिली आणि 2013 मध्ये त्यांच्या पहिल्या महिला बिशप नेमल्या गेल्या.

गोव्याचा अनुभव

धर्मगुरूंच्या अधिकाराचा प्रश्न गोव्याला चार शतकांपासून परिचित आहे. 1616 मध्ये रायतूर येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे त्याचे उजळ रूप. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने साष्टीतील श्रद्धावंतांसाठी मराठी ओवी हाती घेतली. लोकांच्या भाषेत बोलणारा गुरू लोकांच्या मनात स्थान मिळवतो, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले.

दुसरी बाजू कडवट आहे. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना येथे दीक्षा नाकारली गेली, म्हणून ते रोमला गेले. 1637 मध्ये ते बिशप झाले. त्यांना आदिलशाही मुलुखाचा कारभार मिळाला आणि डिचोलीत त्यांचे वास्तव्य राहिले. आजचा बेळगाव-चिकोडी परिसर तेव्हा आदिलशाहीतच होता. पण पोर्तुगीज राजाच्या पाद्रोआदो हक्कामुळे गोव्यातील धर्मसत्तेने त्यांचा अधिकार मान्य केला नाही. श्रद्धावंतांपुढे दोन धर्मसत्ता उभ्या राहिल्या. पुढे 1787 च्या पिंटोंच्या बंडात गोमंतकीय धर्मगुरू सामील झाले. पदे देताना होणारा वर्णभेद हे त्यामागचे एक कारण होते. अधिकार धार्मिक असला, तरी तो वापरणारे हात माणसांचेच असतात. म्हणून त्यावर न्यायाचा अंकुश लागतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

पाळक अपात्र निघाला तर

पाळक पापी निघाला, तर त्याने दिलेला बाप्तिस्मा बाद होतो काय, त्याने लावलेले लग्न खोटे ठरते काय, असा प्रश्न घराघरांत विचारला जातो. हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या स्वाधीन करणाऱ्या बिशपांचे विधी डोनॅटिस्ट पंथाने अमान्य केले. संत ऑगस्टीनने त्यांचे खंडन केले. संस्कार ख्रिस्ताचे आहेत, पाळक केवळ निमित्त आहे, त्यामुळे त्याच्या अपात्रतेने संस्कार मलिन होत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांनी हीच भूमिका स्वीकारली.

श्रद्धावंताला हा मोठा दिलासा आहे. पण त्याचा उलटा अर्थ काढला जातो. संस्कार शुद्ध राहतो, म्हणून पाळकाला दोष देऊ नये, असे ऑगस्टीनने म्हटले नाही. संस्काराची शुद्धता आणि पाळकाची जबाबदारी या वेगळ्या बाबी आहेत.

मान म्हणजे नेमके काय

रोजच्या व्यवहारात पाळकाचा मान पुढील गोष्टींतून दिसतो. त्याचा उपदेश लक्ष देऊन ऐकावा आणि शास्त्राशी ताडून पाहावा. बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणेही शास्त्र उघडून तपासले, याची प्रेषितांच्या कृत्यांत प्रशंसा आहे. त्याच्या घराची अडचण मंडळीने ओळखावी. वेतन वेळेवर द्यावे आणि ते उपकार म्हणून देऊ नये. त्याच्या पत्नीला व मुलांना बिनपगारी सेवक समजू नये. आजारपण, मृत्यू, घरातील कलह अशा वेळी त्याला बोलवावे, आणि तो आला नाही तर चर्चा करण्यापूर्वी कारण विचारावे. त्याच्यावरचा आरोप ऐकताच पसरवू नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरील आरोप घेऊ नये, असे सांगितले आहे.

लहान मंडळीत हे अधिक महत्त्वाचे असते. जेथे मोजकीच घरे आहेत, तेथे पाळक उपदेशकाइतकाच अर्ज लिहून देणारा, दवाखान्यात सोबत जाणारा आणि भांडण मिटवणारा असतो. सीमाभागात उपासना मराठीत व्हावी की कन्नडमध्ये, हाही प्रश्न त्याच्याच दारात येतो. त्याने एका भाषेची बाजू घेतली, तर दुसरी घरे दुरावतात. अशा पाळकाची थट्टा करणे सोपे असते. त्याची जागा भरणे अवघड जाते.

मर्यादा

पाळकाचा अधिकार आत्मिक आहे. म्हणजेच तो वचन, संस्कार आणि सांभाळ यांपुरता आहे. तो चार ठिकाणी थांबतो.

पहिली मर्यादा विवेकाची. विवाह कोणाशी करावा, मत कोणाला द्यावे, कोणता औषधोपचार घ्यावा, याविषयी पाळक सल्ला देऊ शकतो. आज्ञा देऊ शकत नाही. प्रार्थनेच्या नावाखाली डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगणे हा अधिकाराचा गैरवापर आहे.

दुसरी मर्यादा पैशाची. मंडळीचे दान मंडळीचे आहे. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना देणे हे कर्तव्य आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंचकमिटी किंवा वडिलांची समिती आणि वार्षिक सभा हे काम करतात. हिशेब मागणाऱ्याला अविश्वासू ठरवणे म्हणजे पाळकपदाचाच अपमान.

तिसरी मर्यादा गुप्ततेची. कॅथलिक पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. ती जाणूनबुजून थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. प्रॉटेस्टंट पाळकाकडे मन मोकळे केलेले शब्दही उपदेशातील उदाहरण म्हणून वापरले जाता कामा नयेत.

चौथी मर्यादा कायद्याची. गोव्याबाहेर, म्हणजे चिकोडीतही, ख्रिस्ती विवाह लावण्याचा पाळकाचा अधिकार 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातून येतो. बिशपांकडून दीक्षा मिळालेल्यांना कायदा थेट मान्यता देतो, इतर अनेक पाळकांना शासनाचा परवाना लागतो. परवाना नसलेल्या पाळकाने लावलेल्या विवाहाच्या नोंदीत पुढे अडचण येऊ शकते. विवाह रद्द करण्याबाबतही तसेच आहे. चर्चच्या न्यायाधिकरणाने दिलेला निर्णय दिवाणी कायद्याची जागा घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले. आणि अल्पवयीन मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे मंडळीची अब्रू हे कारण चालत नाही.

तक्रार कशी करावी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तीन पायऱ्या दिल्या आहेत. आधी एकांतात बोलावे. ऐकले नाही, तर एकदोघांना सोबत न्यावे. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडावे. तीमथ्याच्या पत्रात पुढची पायरी आहे : दोष सिद्ध झालेल्या वडिलाला सर्वांसमोर दोष द्यावा, म्हणजे इतरांना धाक बसेल. साक्षीदारांची अट पाळकाचे खोट्या आरोपापासून रक्षण करते आणि जाहीर दोषारोप मंडळीचे खोट्या पाळकापासून रक्षण करतो. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात लागून येतात.

एका बाबतीत मात्र या पायऱ्या उलट्या करू नयेत. अत्याचार झालेल्या व्यक्तीने, विशेषतः मुलाने किंवा स्त्रीने, अत्याचार करणाऱ्याशी आधी एकांतात बोलावे, अशी अपेक्षा धरणे क्रूर आहे. ती वाट आपसातल्या अपराधांसाठी आहे, गुन्ह्यांसाठी नव्हे.

कॅथलिक श्रद्धावंताला धर्मसंहितेचे 212 वे कलम आधार देते. ते एकीकडे धर्मपालांच्या आज्ञापालनाचे कर्तव्य सांगते. दुसरीकडे आपल्या गरजा कळवण्याचे स्वातंत्र्य देते आणि चर्चच्या हिताचे मत मांडण्याचा हक्क, प्रसंगी कर्तव्यही, मान्य करते. अत्याचार आणि ते झाकणे यांसंबंधी पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या नियमांनी तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतावर सोपवली. मेथडिस्ट सदस्य जिल्हा अधीक्षकाकडे किंवा बिशपांकडे जाऊ शकतो आणि प्रेस्बिटेरियन परंपरेत वरची सभा ऐकते. स्वतंत्र मंडळीत अशी सोय नसेल, तर ती संस्थेच्या घटनेत लिहून घेण्याचा आग्रह सदस्यांनी धरावा. लोकांचा विश्वास ज्याला टिकवायचा आहे, त्या पाळकालाच अशा व्यवस्थेची सर्वांत जास्त गरज असते. खोटा आरोप झाला, तर त्याला वाचवणारी यंत्रणाही तीच.

मान आणि हिशेब

चिकोडी-निपाणीच्या वाटांवर तीन परंपरांचे पाळक चालतात. कोणाला बेळगावहून पाठवले जाते, कोणाला मंडळी बोलावते, कोणी आपल्याच पाचारणाने उभा राहतो. त्यांच्या व्यवस्था निराळ्या असल्या, तरी इब्री लोकांस पत्रातील ते एक वाक्य सर्वांना सारखे लागू आहे. ज्यांनी ऐकावे, त्यांना ऐकायला सांगितले आहे, आणि ज्यांचे ऐकावे, त्यांना हिशेबाची आठवण करून दिली आहे. पाळकाला मान देणारी मंडळी त्याच्या श्रमाची किंमत ओळखते. त्याच्याकडे हिशेब मागणारी मंडळी त्याच्या पदाची किंमत ओळखते. हे दोन्ही जेथे जमते, तेथे कळपही सुरक्षित राहतो आणि राखणदारालाही रात्री निवांत झोप लागते.